प्रतिकार जागवलेल्या रोपांवर पतंगांची अंडी कधी कमी तर कधी जास्त का येतात?

वनस्पतींच्या कीडप्रतिकारावर प्रयोग करणाऱ्यांना एक अडचण पुन्हा पुन्हा भेडसावते. रोपांच्या एका गटावर जास्मोनिक आम्लाची, म्हणजे इजा झाल्यावर रोपाचा बचाव चालू करणाऱ्या संप्रेरकाची, फवारणी करून, किंवा त्यांवर काही काळ अळ्या सोडून, त्या रोपांचा प्रतिकार जागवला जातो आणि दुसरा गट नियंत्रण म्हणून तसाच ठेवला जातो. मग दोन्ही गटांतील रोपे पतंगांच्या माद्यांना एकाच वेळी उपलब्ध करून अंडी मोजली जातात आणि पुढे त्याच रोपांवर अळ्यांची वाढ नोंदवली जाते. एकदा जागवलेल्या रोपांवर अंडी स्पष्टपणे कमी आढळतात, पुढच्या वेळी फरकच दिसत नाही आणि कधी तर तो उलट दिशेने दिसतो. अळ्यांच्या नोंदीही एकमेकींशी जुळत नाहीत: जागवलेल्या रोपांवर अळ्यांचे वजन कमी भरते, परंतु पाने मात्र तितकीच, क्वचित अधिकच खाल्लेली असतात.

अशा वेळी पुनरावृत्तींची संख्या वाढवावी, असा सल्ला सर्वप्रथम दिला जातो. माझ्या मते तो उपाय सर्वांत शेवटी करावा, कारण या विसंगतीमागे बहुतेक वेळा ठरावीक आणि शोधता येण्याजोगी कारणे असतात, आणि ती दूर न करता केलेल्या पुनरावृत्तींमधून तोच गोंधळ मोठ्या प्रमाणावर हाती येतो.

मुळात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अंडी कोठे घालायची हे प्रौढ मादी ठरवते. बहुतेक जातींमध्ये हा निर्णय रात्री होतो आणि तो स्पर्शिकांना जाणवणारा गंध, पायांना व अंडनिक्षेपकाला (अंडी घालण्याच्या अवयवाला) जाणवणारी पानाच्या पृष्ठभागावरील रसायने आणि पानाचा पोत यांवर अवलंबून असतो. अळीची वाढ कशी होणार हे मात्र काही दिवसांनी, पान चावून आतड्यात गेल्यानंतर ठरते. पचन रोखणारी प्रथिने, विषारी द्रव्ये आणि पानातील नत्राचे प्रमाण यांचा परिणाम तेथे दिसतो, आणि यांपैकी कित्येक गोष्टींचा मादीला पानाबाहेरून पत्ताही लागत नाही. त्यामुळे अंड्यांचा आकडा आणि अळ्यांचे वजन एकाच दिशेने झुकले नाही, तर तेवढ्यावरून प्रयोग फसला असे म्हणता येत नाही.

विसंगती खरी तर नाही ना?

दोष शोधायला बसण्यापूर्वी हे तपासावे, कारण उलटसुलट निष्कर्षांची अस्सल उदाहरणे आहेत. कोबीवर्गीय पिकांवरील चौकोनी ठिपक्याचा पतंग, म्हणजे प्लुटेला झायलोस्टेला, याबाबत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जास्मोनिक आम्ल दिलेल्या चिनी कोबीवर माद्यांनी कमी अंडी घातली, तर तीच प्रक्रिया केलेल्या साध्या कोबीकडे त्या अधिक आकर्षित झाल्या. जवळच्या नात्यातील दोन वनस्पती, एकच पतंग, एकच संप्रेरक आणि तरीही परिणाम विरुद्ध. या पतंगासाठी मोहरी कुळातील ग्लुकोसिनोलेटे ही संरक्षक द्रव्ये यजमान वनस्पतीची खूण आहेत आणि त्याच्या अळ्यांच्या आतड्यात त्यांना निष्प्रभ करणारे सल्फाटेज एन्झाइम असते. सर्वभक्षी अळीला रोखणाऱ्या द्रव्याचे प्रमाण वाढले, तर या विशेषज्ञ, म्हणजे एकाच वनस्पतीकुळावर जगणाऱ्या, पतंगाच्या मादीला ते आमंत्रणही ठरू शकते.

याच पतंगाचे दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. बार्बेरिया व्हल्गॅरिस या मोहरीवर्गीय वनस्पतीवर माद्या उत्साहाने अंडी घालतात, पण या वनस्पतीच्या ज्या प्रकारात अळ्यांना मारक ठरणारी सॅपोनिने असतात त्यावर अळ्या जगत नाहीत. येथे अंड्यांचा आकडा पाहून वनस्पती संवेदनशील म्हणावी लागेल आणि अळ्या पाहून प्रतिकारक्षम. पानांवरील लव हीदेखील अशीच दुहेरी गोष्ट आहे: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या घाटेअळीच्या पतंगाच्या माद्या गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा लवदार पृष्ठभागावर अंडी घालणे पसंत करतात, मात्र त्याच लवेत चिकट ग्रंथी असतील तर नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या त्यात अडकतात.

म्हणून प्रयोगवहीत पहिली नोंद ही असावी की पतंग विशेषज्ञ आहे की सर्वभक्षी, आणि रोपाची जात व वाण प्रत्येक पुनरावृत्तीत अगदी तेच होते का. वाण बदललेला असेल, तर पुढचे काहीही तपासण्याची गरज उरत नाही.

नियंत्रण रोपे खरोखर शांत आहेत का?

माझा सर्वाधिक संशय येथेच असतो. जागवलेल्या रोपांकडे सर्वांचे लक्ष असते, परंतु निष्कर्ष म्हणजे दोन गटांमधील फरक असतो, आणि नियंत्रण रोपांचा प्रतिकार नकळत जागा झाला असेल तर तो फरक आपोआप पुसला जातो.

पहिले कारण हवेतून येते. मिथाइल जास्मोनेट हे जास्मोनिक आम्लाचे रूप बाष्पशील आहे, म्हणजे सहज हवेत मिसळते, आणि बंदिस्त जागेत केवळ त्याच्या वाफेने टोमॅटोच्या पानांत प्रोटिएज रोधके, म्हणजे पचन रोखणारी प्रथिने, तयार होतात, हे फार्मर आणि रायन यांनी 1990 मध्येच दाखवले. इतकेच नव्हे, तर मिथाइल जास्मोनेट सोडणाऱ्या सेजब्रश या झुडपाच्या फांद्या टोमॅटोबरोबर एकाच पेटीत ठेवल्या तरी तोच परिणाम त्यांना आढळला. एकाच वाढकक्षात एका फळीवर फवारलेली आणि दुसऱ्या फळीवर न फवारलेली रोपे ठेवली असतील, तर दुसऱ्या गटाला नियंत्रण म्हणणे धाडसाचे आहे. फवारणीनंतरचे पहिले काही तास दोन्ही गट वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत. पाने पूर्ण कोरडी झाल्यावरच रोपे हलवावीत आणि शक्य तेथे मिथाइल जास्मोनेटऐवजी कमी बाष्पशील असलेले जास्मोनिक आम्ल वापरावे. नियंत्रण रोपांवर द्रावक फवारायला विसरू नये. जास्मोनिक आम्ल ज्या इथेनॉल-पाण्याच्या मिश्रणात विरघळवले तेच मिश्रण, तितक्याच प्रमाणात.

दुसरे कारण म्हणजे स्पर्श. पाने वारंवार हाताळल्याने, वाकवल्याने किंवा एकमेकांवर घासल्याने रोपात जास्मोनेटाशी निगडित प्रतिसाद सुरू होतात. पाने मोजण्यासाठी, लेबल लावण्यासाठी, कुंड्या फिरवण्यासाठी जी हाताळणी होते ती दोन्ही गटांत समान असावी, आणि प्रयोगाच्या आधीच्या दिवसांत ती कमीत कमी असावी. पंख्याच्या थेट झोतातील फळी आणि आडोशाची फळी यांच्यातील फरकही याच सदरात येतो.

तिसरे कारण आगंतुक किडी आणि रोग. मावा व पांढरी माशी यांसारख्या रस शोषणाऱ्या किडी आणि भुरीसारखे रोग अनेक वनस्पतींमध्ये सॅलिसिलिक आम्ल या दुसऱ्या बचाव-संप्रेरकाचा मार्ग चालू करतात, आणि तो मार्ग पुष्कळदा जास्मोनेटाच्या मार्गाला दाबतो. म्हणजे थोडीशी पांढरी माशी असलेल्या हरितगृहात फवारणी करूनही प्रतिकार पुरेसा जागा होत नाही. फुलकिडे याच्या उलट जास्मोनेटाचा मार्गच चेतवतात आणि नियंत्रण रोपे बिघडवतात. पानांची खालची बाजू भिंगाने तपासल्याशिवाय रोप प्रयोगात घेऊ नये. थोडीच आहे म्हणून दुर्लक्ष करावे, असे प्रमाण येथे नसते.

गट खरोखर वेगळे आहेत का, हे अंदाजाने ठरवण्याऐवजी मोजून ठरवावे. प्रोटिएज रोधकांची क्रिया मोजण्याची सोय असेल तर उत्तम. ती नसेल तर प्रत्येक गटातील काही जादा रोपांवर नवजात अळ्या ठेवून थोड्या दिवसांनी त्यांचे वजन करावे. दोन्ही गटांवर अळ्या सारख्याच वाढल्या तर प्रक्रियेने काम केलेले नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि अशा रोपांवरील अंड्यांच्या आकड्यांचा अर्थ लावत बसणे व्यर्थ आहे.

वेळ आणि इजेचा प्रकार

ग्रीन आणि रायन यांनी 1972 मध्ये दाखवून दिले की बटाटा व टोमॅटोच्या एका पानाला इजा झाली की दूरच्या पानांतही पचनरोधक प्रथिने साठू लागतात. ही साठवण काही तासांत सुरू होऊन पुढचा एक-दोन दिवस वाढत राहते. गंधद्रव्यांचे वेळापत्रक वेगळे असते: पान फाटताच येणारा हिरवट वास क्षणात पसरतो, तर टर्पिनांसारखी नव्याने तयार होणारी द्रव्ये तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी बाहेर पडतात. त्यामुळे फवारणीनंतर त्याच संध्याकाळी माद्या सोडल्या आणि पुढच्या वेळी दोन दिवसांनी सोडल्या, तर ते दोन वेगळे प्रयोग झाले.

दिवसरात्रीचे चक्र तर आणखी दुर्लक्षित राहते. डी मोराएस आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले की हेलिओथिस व्हायरेसेन्सच्या अळ्यांनी खाल्लेली तंबाखूची रोपे काही गंधद्रव्ये फक्त रात्रीच सोडतात आणि त्याच जातीच्या माद्या त्या वासापासून दूर राहतात. गंधाचे नमुने दिवसा घेतले आणि अंडी रात्री घातली गेली, तर या दोहोंचा संबंध लागणार नाही. अळ्यांच्या बाजूने पाहिल्यास, 2012 मधील गुडस्पीड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरी कुळातील प्रयोगवनस्पतीची रोपे आणि ट्रायकोप्लुसिया नी या पतंगाच्या अळ्या एकाच प्रकाशचक्रात वाढवल्या तेव्हा रोपांनी चांगला प्रतिकार केला, पण दोघांची चक्रे एकमेकांच्या उलट असताना रोपे कितीतरी अधिक खाल्ली गेली. पतंगांच्या खोलीत सोयीसाठी दिवसरात्र उलटी केलेली असते आणि रोपे नेहमीच्या चक्रात वाढवलेली असतात, हा प्रकार प्रयोगशाळांत सर्रास चालतो. अशा खोलीत रोपे किमान काही दिवस आधी नेऊन त्याच चक्राला सरावू द्यावीत.

इजा कशाने केली हेही महत्त्वाचे आहे. कात्रीने कापलेले पान आणि अळीने खाल्लेले पान रोपाच्या दृष्टीने सारखे नसते. स्पोडोप्टेरा एक्झिग्वाच्या अळीने ओकलेल्या द्रवातील व्होलिसिटिन हे द्रव्य मक्याला गंध सोडायला लावते, तर हेलिकोव्हर्पा झियाच्या लाळेतील ग्लुकोज ऑक्सिडेज तंबाखूतील निकोटिनची वाढ दाबते. अळीऐवजी पिन वापरून केलेली पुनरावृत्ती ही पुनरावृत्ती नव्हे.

माद्या आणि पिंजरा

येथील तपासणी थोडक्यात उरकते. माद्यांचे वय सारखे असावे, त्यांचे मीलन झालेले असावे आणि त्यांना साखरेचे पाणी मिळालेले असावे. मीलन न झालेल्या माद्यांची अंडी फोल तर असतातच, शिवाय त्यांची निवडही विश्वासार्ह नसते. कित्येक पिढ्या कृत्रिम खाद्यावर वाढवलेल्या वसाहतीतील माद्यांची यजमान ओळखण्याची क्षमता मंदावलेली असू शकते, म्हणून वसाहतीचा इतिहास नोंदवावा. पिंजरा फार लहान असेल तर दोन्ही रोपांचे गंध मिसळून जातात आणि मादी केवळ स्पर्शावरून निवड करते. जाळीवर आणि भिंतींवर घातलेली अंडीही मोजावीत, कारण रोपांवरील अंडी कमी होण्याऐवजी भिंतीवर वळलेली असतात, आणि हा स्वतःच एक निष्कर्ष असतो. पिंजरे प्रत्येक वेळी धुवावेत. स्पोडोप्टेरा लिटोरॅलिसच्या माद्या आपल्याच जातीच्या अळ्यांच्या विष्ठेच्या वासाने अंडी घालणे टाळतात, त्यामुळे मागच्या प्रयोगातील विष्ठेचे कण पुढच्या प्रयोगाचा निकाल ठरवू शकतात. अळ्या सोडून प्रतिकार जागवला असेल, तर रोपावरील विष्ठा झटकून टाकल्याशिवाय मादीने टाळले ते रोपाच्या गंधाला की विष्ठेला, हे सांगता येत नाही.

एक चाचणी मात्र कधीही वगळू नये. सर्व रोपे प्रक्रिया न केलेली घेऊन, नेहमीच्याच जागांवर ठेवून, एक रात्र माद्या सोडाव्यात. अंडी एका बाजूला झुकली, तर दोष दिव्याचा, वाऱ्याचा किंवा पिंजऱ्याच्या कोपऱ्याचा आहे, रोपाचा नव्हे. अंड्यांची विसंगती कोठून येते हे इतक्या कमी खर्चात सांगणारी दुसरी चाचणी मला ठाऊक नाही.

अळ्यांचे आकडे का फसवतात

पाने जास्त खाल्ली गेली म्हणजे रोप दुबळे, हा अर्थ घाईचा आहे. पानातील प्रथिने पचेनाशी झाली की अनेक अळ्या ती उणीव भरून काढण्यासाठी अधिक खातात. म्हणून खाल्लेले क्षेत्र, अळीचे वजन आणि अवस्था या तिन्ही नोंदी एकत्र हव्यात. एकट्या क्षेत्रावरून प्रतिकाराचा निष्कर्ष काढू नये. शिवाय अळी निमूटपणे सहन करत नाही. बटाट्यातील रोधक तयार करणाऱ्या जनुकसंस्कारित तंबाखूवर वाढलेल्या स्पोडोप्टेरा एक्झिग्वाच्या अळ्या त्या रोधकाला न जुमानणारी पाचक एन्झाइमे वापरू लागतात, हे 1995 मध्ये दाखवले गेले. हेलिकोव्हर्पा झियाच्या अळ्या तर रोपातील जास्मोनेट आणि सॅलिसिलेट यांचाच इशारा घेऊन विषे निष्प्रभ करणारी आपली एन्झाइमे आधीच सज्ज करतात, असे 2002 मध्ये आढळले. त्यामुळे मोठ्या अळ्यांवर परिणाम दिसला नाही तर आश्चर्य वाटून घेऊ नये. चाचणी नवजात अळ्यांवर सुरू करावी, त्या आधी कोणत्या खाद्यावर होत्या हे लिहून ठेवावे आणि सर्व गटांतील अळ्या एकाच दिवशी उबलेल्या असाव्यात.

सर्वाधिक फसवणूक होते ती जिवंत अळ्यांच्या संख्येत. हेलिकोव्हर्पा आणि स्पोडोप्टेरा यांच्या अळ्या एकमेकींना खातात, हे सर्वांना माहीत असते आणि तरीही एका रोपावर अनेक अळ्या सोडून काही दिवसांनी उरलेल्या मोजल्या जातात. ऑरॉक आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले की मिथाइल जास्मोनेट दिलेल्या टोमॅटोवर स्पोडोप्टेरा एक्झिग्वाच्या अळ्या लवकर आणि अधिक प्रमाणात स्वजातिभक्षणाकडे वळतात, आणि त्यामुळे रोपाचे पानही वाचते. म्हणजे ही निव्वळ चुकीची भर नाही. ती प्रक्रियेबरोबरच वाढते आणि दोन्ही गटांत समान असल्याचे गृहीत धरता येत नाही. अळ्यांच्या वाढीवर रोपाचा थेट परिणाम हवा असेल, तर एका जाळीपिशवीत एकच अळी ठेवावी. गटाने वाढणाऱ्या अळ्यांचे काय होते हे हवे असेल, तर तो वेगळा प्रयोग समजून सुरुवातीची संख्या काटेकोरपणे सारखी ठेवावी. नवजात अळ्या धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर दुसऱ्या रोपावर जातात, म्हणून एकमेकांना चिकटून ठेवलेल्या कुंड्यांमधील मृत्युदराच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

तोडलेल्या पानांवर अळ्या वाढवणे सोपे असते, पण तोडणे हीच इजा आहे, आणि शिवाय उरलेल्या रोपाशी त्या पानाचा संबंध तुटलेला असतो. अशा चाचणीत नियंत्रणाचे पानही जखमीच असते, त्यामुळे फरक कमी दिसतो. जिवंत रोपावरील चाचणीशी ती ताडून पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.

अंड्यांचाही स्वतःचा परिणाम असतो, आणि तो अंडी व अळ्या एकाच रोपावर मोजणाऱ्यांना हमखास गाठतो. ज्या जंगली तंबाखूच्या रोपांवर आधी स्पोडोप्टेरा एक्झिग्वाने अंडी घातली होती, त्यांवर नंतरच्या अळ्यांची वाढ मंदावल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. रोप अंड्यांवरूनच पुढच्या हल्ल्याची तयारी करते. अ‍ॅराबिडॉप्सिसवर मात्र कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अंड्यांमुळे सॅलिसिलिक आम्ल वाढते आणि जास्मोनेटाचा मार्ग दबून स्पोडोप्टेरा लिटोरॅलिसच्या अळ्या उलट चांगल्या वाढतात. एका गटावर अंडी जास्त आणि दुसऱ्यावर कमी असतील, तर पुढे त्याच रोपांवर दिसलेला अळ्यांमधील फरक प्रक्रियेचा की अंड्यांचा, हे सुटे करता येत नाही. अळ्यांसाठी अंडी न घातलेली, पण त्याच प्रक्रियेची स्वतंत्र रोपे राखून ठेवावीत.

मोजणी, आणि पिंजऱ्याबाहेर

स्पोडोप्टेरासारखे पतंग पुंजक्यांनी अंडी घालतात, हेलिओथिस आणि हेलिकोव्हर्पा सुटी घालतात. पुंजक्यातील प्रत्येक अंडे स्वतंत्र निर्णय मानले तर एका मादीच्या एका निवडीला शेकडो निवडींचे वजन मिळते. विश्लेषणाचे एकक पिंजरा असावे, अंडे नव्हे, आणि पुंजक्यांची संख्या वेगळी नोंदवावी. जास्मोनेटामुळे रोपांची वाढ खुंटते, त्यामुळे जागवलेली रोपे आकाराने लहान असतात आणि लहान रोपावर अंडी कमी येणे स्वाभाविक आहे; पानांचे क्षेत्रफळ मोजून तुलना करावी. नत्रखत अधिक मिळालेल्या तुकडीतील हिरवीगार रोपे माद्यांना आणि अळ्यांना अधिक भावतात, म्हणून माती व खत यांत बदल झाला असल्यास त्या पुनरावृत्तीचे आकडे एकत्र मिसळू नयेत.

एवढे करूनही पिंजऱ्यातील अळ्यांवर परिणाम किरकोळ दिसला, तर रोपाचा प्रतिकार निरुपयोगी ठरवण्याची घाई करू नये, कारण पिंजऱ्यात अळीचे शत्रू नसतात. केसलर आणि बाल्डविन यांनी 2001 मध्ये युटामधील जंगली तंबाखूवर केलेल्या क्षेत्रीय प्रयोगांत गंधद्रव्यांमुळे पतंगांची अंडी कमी झाली आणि अंडी खाणारे परभक्षी ढेकूण रोपांकडे अधिक आले. या दोन्ही गोष्टी मिळून रोपावरील किडींची संख्या 90 टक्क्यांहून अधिक घटू शकते, असा त्यांचा अंदाज होता. थेलर यांच्या 1999 मधील शेतातील प्रयोगात जास्मोनिक आम्ल फवारलेल्या टोमॅटोवरील अळ्यांमध्ये परोपजीवी गांधीलमाशीचे प्रमाण दुप्पट झाले. मंद वाढणारी अळी या शत्रूंच्या तावडीत अधिक काळ राहते, आणि हा परिणाम बंद जाळीत मोजताच येत नाही. शक्य असेल तर त्याच तुकडीतील काही रोपे, ठरावीक संख्येने अंडी चिकटवून, उघड्यावर ठेवावीत आणि किती अंडी खाल्ली गेली, किती अळ्या परोपजीवींनी ग्रासल्या, याची रोज नोंद करावी. या अंड्यांचे मूळ आणि वय दोन्ही गटांत एकच असावे.